काळ्या सोबत्याचे छायाचित्र

सांगलीच्या पेठेत तीन पिढ्यांपासून कापडाचा व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबात तेरा वर्षे एक काळी कुत्री वावरत होती. एका पावसाळी रात्री दुकान वाढवताना शटरच्या आडोशाला थरथरत बसलेले पिल्लू आजोबांनी उचलून घरी आणले आणि धाकट्या नातीने त्याचे नाव काजळ ठेवले. त्या दिवसापासून घरातील प्रत्येक समारंभात, सहलीत आणि दिवाळीच्या वहीपूजनात काजळ हजर असे. मोबाइल हाती आल्यापासून घरच्यांनी तिची शेकडो छायाचित्रे काढली. यंदा दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या थोरल्या नातीला पशुवैद्यांनी सांगितले की, काजळची मूत्रपिंडे थकली आहेत, आता दिवस मोजकेच. तेव्हा नातीने तिचे एक चांगले छायाचित्र निवडून मोठे करून घेण्याचे ठरवले आणि ती सारा संग्रह चाळू लागली.

तिला एकही छायाचित्र सापडले नाही. माणसे होती, रांगोळ्या होत्या, आकाशकंदील होते. काजळच्या जागी मात्र प्रत्येक ठिकाणी एक काळा ठिपका होता. कुठे गळ्यातला लाल पट्टा तेवढा दिसे, कुठे फ्लॅशमुळे हिरवट चमकणारे दोन डोळे. कपाळावरची भोवऱ्यासारखी फिरलेली लव, एका कानाची जुनी खाच, वय झाल्यावर हनुवटीवर उतरलेला पांढरेपणा यांपैकी काहीही कुठे उमटले नव्हते. तेरा वर्षांचा सहवास आणि चेहरा मात्र एकाही चित्रात नाही, अशी ही स्थिती होती.

काळ्या रंगाचे कुत्रे, मांजर, घोडा किंवा गाय ज्यांच्या घरी आहे अशा बहुतेकांचा अनुभव थोड्याफार फरकाने हाच असतो. दोष प्राण्याच्या रंगाचा नसतो, कॅमेऱ्याच्या किमतीचाही बहुधा नसतो. कॅमेरा उजेडाचा हिशेब कसा मांडतो हे ठाऊक नसल्याने तो घडतो. हा हिशेब एकदा कळला की साध्या मोबाइलनेही काळ्या सोबत्याचे देखणे छायाचित्र घेता येते.

कॅमेऱ्याचे गृहीतक

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या वस्तूवर किती उजेड पडला हे मोजत नाही. वस्तूने किती उजेड परत पाठवला एवढेच त्याला कळते. वस्तू काळी आहे की पांढरी, हे जाणण्याचे साधन त्याच्याजवळ मुळात नाही. म्हणून तो एक ढोबळ गृहीतक धरून चालतो: जगातील सर्व दृश्ये सरासरीने मध्यम करड्या रंगाची असतात. छायाचित्रणात या मध्यम करड्या रंगाचे परंपरागत प्रमाण म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत पाठवणारा पृष्ठभाग. दुकानांत मिळणारे ‘ग्रे कार्ड’ याच प्रमाणाचे असते.

बहुसंख्य दृश्यांना हे गृहीतक लागू पडते. झाडे, रस्ते, घरे, माणसे एकत्र असली की सरासरी जवळपास तेवढीच येते. काळ्या केसांच्या प्राण्यापुढे मात्र हा हिशेब कोलमडतो, आणि तोही दोन परस्परविरुद्ध दिशांनी. नेमका येथेच अनेकांचा गोंधळ होतो, कारण एका जाणकाराने ‘उजेड कमी करा’ असे सांगितलेले असते आणि दुसऱ्याने ‘वाढवा’ असे. वस्तुतः दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

पहिला प्रसंग असा, की काळ्या प्राण्याने चौकटीचा बहुतेक भाग व्यापला आहे. कॅमेऱ्याला सर्वत्र काळोख दिसतो. दृश्य मध्यम करडे असलेच पाहिजे या गृहीतकानुसार तो उजेड वाढवतो. परिणामी काळाभोर प्राणी धुरकट, राखाडी दिसतो आणि मागची खिडकी किंवा भिंत पांढरीफटक होऊन जाते. अशा वेळी ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’ची खूण वजा दोन तृतीयांश ते वजा एकपर्यंत न्यावी.

दुसरा प्रसंग असा, की प्राणी चौकटीत लहान आहे आणि त्याच्याभोवती पांढरी भिंत, फरशी किंवा उघडे आकाश आहे. आता कॅमेऱ्याला सर्वत्र झगमगाट दिसतो. तो उजेड कमी करतो. भिंत करडी होते आणि प्राण्याचा काळा डाग होतो. येथे खूण अधिक एक, प्रसंगी त्याहून थोडी पुढे न्यावी लागते. काजळची बहुतेक छायाचित्रे याच दुसऱ्या प्रकाराने बिघडली होती, कारण घरातील सर्व भिंती पांढऱ्या होत्या आणि ती नेहमी माणसांच्या पायाशी, चौकटीच्या एका कोपऱ्यात असे.

मोबाइलमध्येही हीच सोय असते. पडद्यावर प्राण्याच्या चेहऱ्याला बोट लावावे, म्हणजे तेथील उजेड धरून मोजमाप होते. बोटाजवळ सूर्याचे लहानसे चिन्ह उमटते, ते वर सरकवले की चित्र उजळते, खाली सरकवले की गडद होते. काळ्या चेहऱ्यावर बोट लावताच मोबाइल त्याला राखाडी करू पाहतो, म्हणून ते चिन्ह लगेच थोडे खाली ओढावे. केस पुन्हा काळे दिसू लागले, पण एकेक केस वेगळा ओळखू येतो आहे, अशा ठिकाणी बोट थांबवावे.

काळ्यातील पायऱ्या

अमेरिकेतील विख्यात छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स आणि त्यांचे सहकारी फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास ‘झोन सिस्टिम’ नावाची पद्धत मांडली. निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांना त्यांनी शून्य ते दहा अशा पायऱ्या दिल्या. दर पायरीला उजेड दुप्पट होतो. मधली पाचवी पायरी ही कॅमेऱ्याची आवडती करडी छटा. ज्या काळ्या वस्तूचा पोत स्पष्ट दिसायला हवा, तिची जागा तिसऱ्या पायरीवर, म्हणजे करड्याच्या दोन पायऱ्या खाली. त्याखाली उतरावे तसा पोत विरत जातो आणि शून्यावर काहीच उरत नाही.

काळ्या प्राण्याच्या छायाचित्राचे सारे मर्म या दोन पायऱ्यांत आहे. केस पाचव्या पायरीवर नेले तर प्राणी राखाडी होतो, पहिल्या पायरीवर पडले तर नाहीसा होतो. त्याला तिसऱ्या पायरीच्या आसपास बसवायचे, एवढेच काम.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात यात आणखी एक अडचण आहे, आणि ती हिशेबाची सवय असलेल्या वाचकांना सहज उमगेल. बारा बिटांच्या ‘रॉ’ नोंदीत एकूण ४०९६ स्तर असतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे २०४८, एकट्या सर्वांत उजळ पायरीच्या वाट्याला जातात. तिच्या खालच्या पायरीला १०२४, मग ५१२, मग २५६, आणि पाचव्या पायरीपर्यंत येता येता उरतात अवघे १२८. काळे केस नेमके या तळाच्या भागात राहतात. शिवाय तेथे पोहोचणारा उजेडच अपुरा असल्याने चित्रात वाळूसारखे कण दिसू लागतात. नंतर संगणकावर गडद चित्र उजळवले की हे कणही उजळतात. म्हणूनच चौकटीत पांढरेशुभ्र काही नसेल, तर ‘रॉ’ चित्र थोडे उजळच घेऊन नंतर गडद करणे अधिक हिताचे. तोटा भरून काढण्यापेक्षा शिल्लक हाती ठेवून खर्च करणे केव्हाही बरे.

अंधाऱ्या छटांची ही उपेक्षा डिजिटल युगातली नाही. जुन्या रंगीत फिल्मही गडद तपकिरी आणि काळ्या छटा नीट दाखवत नसत. सावळ्या माणसांचे चेहरे त्यात हरवत. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या मालातील फरक जाहिरातींच्या चित्रांत दिसत नाहीत अशा तक्रारी केल्या, तेव्हा कोडॅकने फिल्ममध्ये सुधारणा करण्याकडे अधिक लक्ष दिले, अशी नोंद छायाचित्रणाच्या इतिहासात आहे. पुढे आलेल्या एका फिल्मची थोरवी सांगताना, अंधुक उजेडातल्या काळ्या घोड्याचे तपशीलही ती टिपते, असे म्हटले जाई.

चमक टिपावी, काळेपणा नव्हे

काजळचे छायाचित्र घेण्याचे नातीचे पहिले तीन प्रयत्न फसले. दिवाणखान्यात फ्लॅश मारला, तर डोळे दिव्यांसारखे पेटले. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा ‘टेपेटम ल्युसिडम’ हा थर असतो. त्यामुळे त्यांना अंधारात बरे दिसते, आणि त्यामुळेच समोरून आलेला फ्लॅश तसाच माघारी फिरतो. गच्चीवर भर दुपारी बसवले, तर पाठीवर पांढरे चट्टे आणि पोटाखाली गडद काळोख. पांढऱ्या भिंतीपुढे घेतले, तर पुन्हा तोच जुना डाग. काजळही कंटाळून पाय पसरून झोपली.

आजोबा हे सारे आरामखुर्चीतून पाहत होते. शेवटी ते म्हणाले, “अगं, काळं कापड कधी ट्यूबच्या उजेडात बघतात का? गिऱ्हाईक काय करतं? तागा दारात नेतं.”

“आज्जा, कापडाचं वेगळं आणि हिचं वेगळं.”

“वेगळं कसं? चंद्रकळा असो नाहीतर कोटाचं कापड असो, काळ्याचा पोत कळायला उजेड बाजूनं यावा लागतो. समोरून आला की सगळं सपाट दिसतं. उद्या सकाळी हिला दुकानात घेऊन ये.”

कापड व्यापाऱ्याच्या या रोजच्या अनुभवामागे भक्कम शास्त्र आहे. केसांचा काळेपणा युमेलॅनिन या रंगद्रव्याचा. ते उजेड शोषून घेते. पण प्रत्येक केसाच्या गुळगुळीत बाह्य थरावरून थोडा उजेड आरशासारखा परावर्तित होतो, आणि त्याला रंग असतो तो केसाचा नव्हे, उजेडाचा. म्हणजे काळ्या प्राण्याच्या छायाचित्रात दिसते ते काळेपण नसतेच. केसांवरून घरंगळणारी चमक दिसते आणि तिच्यावरून डोळा शरीराचा आकार, स्नायूंची वळणे, लवेची दिशा ओळखतो. चमक कुठून येते आणि किती रुंद पसरते हे ठरले, की छायाचित्र ठरले.

चमक सौम्य आणि रुंद हवी असेल, तर उजेडाचा उगमही मोठा हवा. भर दुपारचा सूर्य हा आकाशातला एक लहान ठिपका असतो, म्हणून तो लहान, कडक चट्टे पाडतो. ढगाळ आकाश, उत्तरेकडची खिडकी, उघडे दार, सावलीतला ओटा हे मोठे उगम होत. प्राण्याला अशा उगमाच्या कडेला, किंचित तिरके बसवावे. छायाचित्र घेणाऱ्याने दारात पाठ करून आडवे उभे राहू नये, नाहीतर त्याचीच सावली चेहऱ्यावर पडते. अंगावर ब्रश फिरवून धूळ व सुटे केस काढावेत, कारण काळ्यावरील धूळ डोळ्यांना दिसली नाही तरी चित्रात ठळक उमटते.

पार्श्वभूमी ना पांढरी असावी, ना काळी. मेंदी रंगाची चादर, विटकरी भिंत, कुंडीतील झाडे, मातीचे अंगण अशा मध्यम छटा उत्तम. त्यांच्यापुढे प्राण्याची कड स्वच्छ उठून दिसते आणि कॅमेऱ्याचा हिशेबही फारसा चुकत नाही. सावलीतल्या निळ्या आकाशाचा उजेड काळ्या केसांवर निळसर झाक आणतो. ती नको असेल तर ‘व्हाइट बॅलन्स’ सावलीच्या खुणेवर ठेवावा. मात्र पाठीवर लालसर झाक दिसली, तर तो कॅमेऱ्याचा दोष समजू नये. उन्हात वावरणाऱ्या काळ्या प्राण्याचे केस खरोखरच विटून तांबूस होतात.

डोळे आणि नजर

उजेड साधला तरी डोळे साधल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. बुबुळात खिडकीचा किंवा आकाशाचा लहानसा पांढरा ठिपका उमटला की चेहरा जिवंत होतो. काळ्या चेहऱ्यात काळसर डोळे शोधायला पाहणाऱ्याला तोच आधार असतो. प्राण्याची नजर उजेडाच्या दिशेने थोडी वळली की तो ठिपका आपोआप येतो.

स्वयंचलित फोकस रेषा आणि कडा शोधून काम करतो. काळ्या सपाट लवेवर त्याला धरायला काही सापडत नाही आणि तो चाचपडत राहतो. म्हणून फोकसचा बिंदू डोळ्याच्या कडेवर ठेवावा. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत प्राण्यांचे डोळे ओळखण्याची सोय आहे, पण काळा डोळा काळ्या लवेत असला की तीही कधीकधी चुकते, म्हणून खात्री करून घ्यावी. बसलेल्या प्राण्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/१२५ आणि हलणाऱ्यासाठी १/२५० किंवा त्याहून जलद ठेवावा. त्यासाठी आयएसओ थोडा वाढवावा लागला तरी चालेल, कारण थोडे कण खपतात, पण हललेला चेहरा खपत नाही. मोबाइलचा रात्रीचा मोड अनेक चित्रे एकत्र करतो, त्यामुळे चुळबुळ्या प्राण्यापुढे त्याचा उपयोग होत नाही. पार्श्वभूमी पुसट करणारा पोर्ट्रेट मोडही काळ्या लवेची कड ओळखताना कान, मिशा कापून टाकतो.

उंचीही महत्त्वाची. उभ्याने खाली पाहून घेतलेल्या चित्रात प्राण्याची पाठच अधिक दिसते. जमिनीवर मांडी घालून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन चित्र घ्यावे. आणि त्याला धरून, दटावून बसवू नये. घाबरलेला प्राणी कान मागे पाडतो, आणि उजेड कितीही चांगला असला तरी ते चित्र त्याचे राहत नाही.

घर शोधणाऱ्यांसाठी

हा विषय केवळ घरच्या आठवणींपुरता मर्यादित नाही. मुंबईत १८३४ साली भुलेश्वरला स्थापन झालेल्या पांजरपोळीपासून ठिकठिकाणच्या व्यापारी पेठांनी मुक्या जनावरांना आश्रय देण्याची परंपरा जपली आहे. आज निराश्रित कुत्र्या-मांजरांना घर मिळते ते बहुतांशी मोबाइलवर फिरणाऱ्या छायाचित्रांमुळे. तेथे काळे पिल्लू तोट्यात असते. काळ्या प्राण्यांना घर मिळायला खरोखर उशीर लागतो का, याविषयीच्या संशोधनांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परंतु छायाचित्राचा प्रभाव पडतो हे मानायला आधार आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घराबाहेर घेतलेले, अस्पष्ट नसलेले आणि प्राण्याची नजर कॅमेऱ्याकडे असलेले चित्र हे लवकर घर मिळण्याशी निगडित आढळले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फ्लॅश मारून काढलेला काळा ठिपका कोणाच्या मनात माया कशी जागवणार?

काळ्या मांजराची कथा तर अधिक चमत्कारिक. आपल्याकडे ते आडवे गेले म्हणून माणसे चार पावले मागे फिरतात. तिकडे अमेरिकेतील केंटकी राज्यात १९५० च्या दशकात निकी हॉर्नर या महिलेने चकचकीत काळ्या मांजरांची जात मुद्दाम पैदा केली आणि भारतातील काळ्या बिबट्याची आठवण म्हणून तिला नाव दिले ‘बॉम्बे’. आपल्या शहराचे नाव मिरवणारे ते मांजर तेथे कौतुकाने वाढवले जाते, आणि आपल्या गल्लीतील त्याच रंगाचे पिल्लू मात्र अपशकुनी ठरते. अशा एखाद्या पिल्लाला सावलीच्या ओट्यावर नेऊन, डोळ्यांत आकाशाचा ठिपका येईल असे एक छायाचित्र कोणी घेतले, तर त्याला घर मिळण्याची शक्यता वाढते. यासाठी पैसे लागत नाहीत, दहा मिनिटे लागतात.

दुकानाच्या दारात

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला काजळ दुकानात आली. ऊन अजून समोरच्या इमारतीमागे होते. रस्त्यावर स्वच्छ, सौम्य उजेड पसरला होता. आजोबांनी मेंदी रंगाचा एक तागा गादीवर उलगडून मागे सोडला आणि काजळला उंबरठ्याच्या आत, दाराकडे डावी बाजू करून बसवले. नात समोर मांडी घालून बसली. तिने काजळच्या डोळ्यावर बोट ठेवले, सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढले आणि वाट पाहू लागली.

काजळ रस्त्याकडे पाहत राहिली. तेव्हा आजोबांनी लोखंडी मीटरपट्टी उचलून लाकडी फळीवर दोनदा वाजवली. तेरा वर्षे रोज रात्री दुकान वाढवण्यापूर्वी ते असेच वाजवत, आणि ती घरी निघायची खूण असे. काजळने कान उभारले आणि मान वळवून पाहिले.

त्या चित्रात कपाळावरचा भोवरा आहे, कानाची खाच आहे, हनुवटीवरचा पांढरेपणा आहे. डोळे काळे नाहीत, गडद मधासारखे आहेत, हे घरातील कित्येकांना तेव्हाच प्रथम कळले. पाठीवरची लव कडेने चमकते आहे आणि खांद्याजवळ उन्हाने विटलेला तांबूस पट्टा स्पष्ट दिसतो.

संक्रांतीच्या काळ्या साड्यांची गर्दी ओसरली आणि पुढच्याच आठवड्यात काजळ गेली. ते छायाचित्र आता गल्ल्यामागच्या फळीवर आहे. येणारे गिऱ्हाईक विचारते, “कुणाची हो ही?” आजोबा सांगतात, “आमचीच.” आणि एखाद्याच्या घरी काळे कुत्रे किंवा मांजर आहे असे कळले, की काळे कापड दाखवताना सांगावे तसे त्यालाही सांगतात, “उजेड आहे तोवर दारात घेऊन या.”